कानाडोळा

बास्केटबॉलच्या सामन्याला जमलेल्या गर्दीत चेंडूकडे न बघणारी माणसं तीन. वडापाव विकणारा, बक्षीस समारंभासाठी बोलावलेला पण तासभर आधीच येऊन पडलेला प्रमुख पाहुणा, आणि पंच. पहिल्या दोघांना कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्याला मात्र अख्खं मैदान आंधळा म्हणतं. गंमत अशी, की ज्या क्षणी म्हणतं त्या क्षणी तो बिचारा त्याचं काम अगदी पुस्तकात छापलंय तसं करत असतो.

कारण पुस्तकात तसंच छापलंय. दोन पंचांच्या पद्धतीत अर्ध्या कोर्टाचे सहा चौकोन पाडून त्यांना एक ते सहा आकडे दिलेले असतात. चेंडू कुठल्या चौकोनात आहे यावर तो कुणी बघायचा ते ठरतं. एकाने चेंडू आणि त्याच्या आसपासची माणसं बघायची. दुसऱ्याने चेंडू विसरून उरलेली सगळी माणसं बघायची. चेंडू डावीकडे कोपऱ्यात असतो तेव्हा दुसरा पंच बास्केटखाली एकमेकांच्या बरगड्यांत कोपर खुपसणाऱ्या दोन धिप्पाड मुलांकडे टक लावून उभा असतो. शिट्टी वाजते. आठशे प्रेक्षक चेंडूकडे आणखी बारकाईने बघतात. तिथे काहीच झालेलं नसतं. मग मागच्या रांगेतून आवाज येतो, "काय दिलं हे?"

मी पंच नाही. मी टेबलावर बसतो, स्कोअरशीट लिहितो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. टेबलाच्या एका बाजूला एक बेंच, दुसऱ्या बाजूला दुसरं, त्यामुळे पंचाबद्दल दोन्ही संघांची नेमकी मतं काय आहेत हे एकाच वेळी, एकेका कानाने, ऐकण्याची सोय या खुर्चीइतकी दुसरीकडे कुठेही नाही. दोन्ही मतं शब्दशः सारखी असतात. फक्त "त्यांचं" आणि "आपलं" यांची जागा बदललेली असते.

हा खेळ काढला जेम्स नेस्मिथ नावाच्या पी.टी.च्या मास्तरांनी, १८९१च्या डिसेंबरात, अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत. बाहेर थंडी, आत दांडगी पोरं, आणि वर टांगलेल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. त्या पहिल्या खेळात पोरांनी एकमेकांना लाथा-बुक्क्या घातल्या, कुणाचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला, असं मास्तरांनी स्वतः बऱ्याच वर्षांनी रेडिओवर सांगितलं. त्यांच्या मूळ तेरा नियमांत पंच दोन होते आणि दोघांची खाती वेगळी होती. अम्पायरने माणसांचा न्याय करायचा, रेफरीने चेंडूचा. माणसं आणि चेंडू ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि त्यात माणसं जास्त अवघड आहेत, हे मास्तरांना पहिल्याच महिन्यात कळलेलं दिसतं. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे कोच झाले. त्या विद्यापीठाच्या कोचांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच. ज्याने नियम लिहिले तोच हरतो म्हटल्यावर आपल्या जिल्हा स्पर्धेतल्या कोचने पंचांवर खापर फोडू नये, पण फोडतो.

भारतातही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने रुजला. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि तिथून शिकलेले मास्तर गावोगावच्या शाळांत शिट्टी घेऊन गेले. त्यामुळे आपल्याकडचा पंच हा मुळात शिक्षक असतो. त्याला 'सर' म्हणतात. शिव्यांच्या मधल्या जागांतही 'सर' म्हणतात. "काय सर!" "ओ सर!" "अहो सर, हे बघा ना सर!" बेअदबी करायची पण मानही सोडायचा नाही, ही आपल्याकडची पद्धत इतर देशांत फारशी आढळत नसावी.

तर पंचाच्या चालण्या-पळण्याचं शास्त्र. त्याला पंचमंडळी 'मेकॅनिक्स' म्हणतात, आणि त्यात यंत्राचा संबंध एवढाच की चाळिशीनंतर गुडघ्यातून आवाज येतात. दोन पंचांतला एक 'लीड' आणि एक 'ट्रेल'. लीडने चेंडूच्या पुढे पळत जाऊन बास्केटच्या मागच्या रेषेवर उभं राहायचं, ट्रेलने चेंडूच्या मागून यायचं. दहाच्या दहा खेळाडू कायम या दोघांच्या मध्ये कोंडलेले हवेत. चेंडू हिसकावला गेला आणि खेळ उलटा फिरला, की आत्ताचा ट्रेल क्षणात लीड होतो आणि त्याला अठ्ठावीस मीटरच्या कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला विशीतल्या पोरांच्या आधी पोचायचं असतं. ती पोरं गोल करायला पळत असतात. सर मानधनासाठी पळत असतात, आणि ते मानधन स्पर्धा संपल्यावर, खजिनदार सापडल्यास, मिळतं.

यात एक गोम आहे. खेळाडू बेअदबीने का वागतात याची पुष्कळ मानसशास्त्रीय कारणं सांगतात. मला टेबलावरून एकच दिसतं. सर लांब होते. चार हातांवर उभ्या असलेल्या पंचाने चुकीचा फाउल दिला तरी मुलगा मान खाली घालून हात वर करतो. अर्ध्या कोर्टावरून दिलेल्या अचूक फाउलवर मात्र तोच मुलगा चिडतो: "तिथून दिसलं का तुम्हाला?" प्रश्न अपमानाचा असला तरी भूमितीचा आहे. वाद घालायची निम्मी प्रकरणं पायांनी मिटतात, असं ज्यांचे पाय अजून चालतात ते पंच सांगतात. बाकीचे म्हणतात, अनुभवाने लांबूनही दिसतं.

मोठ्या स्पर्धांत आता तीन पंच असतात. लीड आणि ट्रेल आहेतच, तिसरा सेंटर. अमेरिकेच्या एनबीए लीगने १९८८-८९च्या मोसमापासून तिसरा कायमचा नेमला. त्याच्या दहा वर्षं आधी एकच मोसम नेमून बघितला होता आणि मग काढून टाकला होता; पैसे वाचवणं हा अमेरिकेतही खेळच आहे. तिघे असले की जास्त दिसतं हे खरं. पण शिट्ट्याही तीन होतात. बचाव करणारा पाय रोवून उभा आहे, चेंडू घेतलेला त्याच्या छातीवर आदळतो, आणि दोन बाजूंनी दोन शिट्ट्या एकदम. एक पंच कमरेवर दोन्ही हात ठेवतो, म्हणजे बचाव करणाऱ्याने वाट अडवली, ब्लॉक. दुसरा तळहातावर मूठ आपटतो, म्हणजे चेंडूवाल्याने धडक दिली, चार्ज. हे दोघे एकाच प्रसंगाबद्दल बोलत असतात. अमेरिकेच्या शाळा-कॉलेजांतल्या पंचांनी याला 'ब्लार्ज' असं जोडनाव दिलंय, आणि तिथल्या शालेय नियमांप्रमाणे दोघांनाही फाउल लागतो. दोन पंचांत मतभेद झाला म्हणून दोन्ही खेळाडूंना शिक्षा, हा न्याय आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांतही चालून जाईल. म्हणूनच पहिली शिट्टी झाली की मूठ वर धरून जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं, मगच पुढची खूण करायची, असं नव्या पंचांना शिकवतात. नवे पंच डोळ्यांत बघतात. जोडीदार टेबलाकडे बघत असतो.

खुणांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या माझ्यासाठीच केलेल्या असतात. सरळ पंजा वर म्हणजे नियमभंग, बंद मूठ वर म्हणजे फाउल. पायांची चूक झाली की दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. मनगट धरलं की धरलंय. कमरेवर दोन्ही हातांची ती मघाची खूण, म्हणजे नळावर भांडायला उभं राहावं तशी, ती आमच्या एका सरांना इतकी शोभते की ते ती गरज नसतानाही करतात. मग खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवायचा. याच बोटांपायी फार वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यांत जर्सीवर चार ते पंधरा एवढेच नंबर असत. एक, दोन, तीन ही बोटं गुणांसाठी आणि तीन सेकंदांच्या नियमासाठी राखून ठेवलेली होती. अमेरिकेच्या कॉलेजांत तर जर्सीवर शून्य ते पाच एवढेच आकडे चालायचे, कारण एका हाताला बोटं पाच. सहा ते नऊ हे आकडे असलेला नंबर तिथल्या कॉलेजच्या मुलाला मिळत नसे, पंचाला सहावं बोट नाही म्हणून. ही अट २०२३ साली सुटली. जागतिक नियमांत आता शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत सगळं चालतं. दशकाचा आकडा पंजाची पाठ दाखवून, एककाचा पुढची बाजू दाखवून. सदुसष्ट नंबरच्या मुलाने फाउल केला की सरांचे हात टेबलासमोर बराच वेळ उलटसुलट होत राहतात. मी लिहून मोकळा झालेला असतो, पण थांबवत नाही. कलाकाराला मधेच थांबवू नये.

आणि शिट्टी. पूर्वीच्या शिट्टीत एक गोळी असायची. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाचे कॅनडाचे पंच १९८४ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोला ऑलिंपिकपूर्व सामन्यात उभे होते. फाउल दिसला, जोर लावून फुंकले, आणि गोळी अडकली. आवाजच नाही. हजारोंची गर्दी, समोर धडधडीत फाउल, पंचाचे गाल फुगलेले, आणि शांतता. गर्दीने त्यांची काय संभावना केली असेल ती सांगायला पोर्तुगीज यायला हवं असं नाही. घरी जाऊन त्यांनी गोळीच नसलेली शिट्टी बनवून घेतली. तीच फॉक्स फॉर्टी. ती विकली कशी याचीही एक कथा आहे: १९८७च्या पॅन-अमेरिकन स्पर्धांच्या वेळी त्यांनी ती पंच मंडळी झोपलेल्या वसतिगृहाच्या पॅसेजमध्ये भर रात्री वाजवली. सगळे दचकून उठले आणि दुसऱ्या दिवशी मागणी नोंदवली. जगभरच्या पंचांना झोपेतून उठवणारा हा एकच पंच. बाकीच्यांवर झोपल्याचा आरोप होत असतो.

इथवर सगळं शिकवता येतं. कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं, कुठलं बोट कधी. प्रत्येकाची आकृती आहे, बाण आहेत, ठिपक्यांच्या रेषा आहेत. पण हे सगळं डोळ्यांचं आणि पायांचं झालं. कानांची आकृती कुणीच काढलेली नाही.

आणि खरं काम कानांचं आहे. काय ऐकायचं, काय अर्धवट ऐकायचं, काय ऐकूनही तोंडावर सुरकुती पडू द्यायची नाही. नियमपुस्तक म्हणतं, पंचांशी बोलायचा अधिकार मैदानावर फक्त कर्णधाराला, तोही सौजन्याने, आणि चेंडू मृत आणि घड्याळ बंद असताना. बेंचवर मुख्य आणि सहायक कोच यांच्यापैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं. मी लाल पेन हातात धरून डावीकडे बघतो: मुख्य कोच उभा, सहायक उभा, मॅनेजर उभा, पाण्याची पिंपं आणणारा मुलगा उभा, आणि ज्याचा काही संबंध नाही असा, कॉलेजचा माजी खेळाडू, मफलर गुंडाळून सर्वांत पुढे. चेंडू पूर्ण जिवंत. पाचही खेळाडू कर्णधार.

पंचांच्या शिकवणीत एक सोन्याचं सूत्र आहे: प्रश्नाला उत्तर द्या, विधानाला देऊ नका. "सर, माझा कुठला पाय हलला?" हा प्रश्न. उत्तर, "डावा." संपलं. "तुम्हाला काही येत नाही," हे विधान. त्याला उत्तर नाही, पाठ फिरवा. अमेरिकेत हे चालत असेल. मराठी माणसाला मात्र कुठलंही विधान प्रश्नाच्या रूपात मांडता येतं आणि तो तसंच मांडतो. "सर, चष्मा घरी राहिला का?" "सर, समोरच्या संघात भाचा आहे का तुमचा?" "सर, जेवण कुणाकडे आहे आज?" व्याकरणाच्या दृष्टीने सगळे प्रश्न. एका विदर्भातल्या सरांनी यावर एक युक्ती काढलेली आहे. ते खरोखर उत्तर देतात. "चष्मा खिशात आहे बाबू. भाचा क्रिकेट खेळतो." मुलगा पुढचा प्रश्न शोधेपर्यंत समोरच्या संघाने गोल केलेला असतो.

तक्रारीचे प्रकार टेबलावरून छान दिसतात. सगळ्यांत जुना म्हणजे दोन्ही हात छताकडे आणि तोंड उघडं. पोलीस आले नाहीत एवढंच. दुसरा, चेंडू पंचाच्या हातात न देता दोन फूट बाजूला हळूच सोडून देणं, म्हणजे सरांना वाकावं लागेल. तिसरा, टाळ्या. निर्णयाला मुद्दाम सावकाश वाजवलेल्या तीन टाळ्या. या टाळ्यांचं काय करायचं याचा पंचमंडळात अजून निकाल नाही, कारण कुणी जाब विचारला की मुलगा म्हणतो, "आमच्या प्लेअरसाठी वाजवल्या सर." चौथा प्रकार पुरावेवाल्यांचा. तो बाही वर करून लाल झालेला हात दाखवतो. तो लाल हात मी पहिल्या क्वार्टरला पाहिलेला असतो, दुसऱ्याला पाहिलेला असतो, आणि माझं मत असं झालंय की तो हात घरूनच लाल करून आणलेला आहे.

मॅडम पंच असल्या की खेळाडूंचा आवाज एक पायरी उतरतो. कोचचा मात्र वेगळाच सूर लागतो: समजावणीचा. "मॅडम, कसं असतं ना, चार्ज म्हणजे..." मॅडमनी राष्ट्रीय परीक्षा दिलेली असते, कोच अजून तिच्या तारखा विचारत असतो. एनबीएत व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या पहिल्या दोन महिला पंच १९९७ साली आल्या, तेव्हा तिथेही समजावणाऱ्यांची रांग लागलीच होती. मॅडम शांतपणे ऐकतात, मग शांतपणेच दोन्ही हातांचा 'टी' करतात. समजावणी थांबते.

हा 'टी' म्हणजे टेक्निकल फाउल. कुणाला धक्का न लावता, केवळ तोंडाने किंवा हातवाऱ्याने मिळवायचा. जागतिक नियमांत एक फ्री थ्रो विरुद्ध संघाला, आणि खेळाडूला दोन मिळाले की घरी. माझ्या कागदावर पहिल्यांदा टी लिहायचा, दुसऱ्यांदाही टी, आणि त्यापुढे 'जीडी', म्हणजे खेळाडू सामन्यातून बाद. एनबीएत त्याचे पैसेही कापतात: पहिल्या पाचांना प्रत्येकी दोन हजार डॉलर, पुढच्या पाचांना तीन हजार, मग चार, आणि सोळाव्याला पाच हजार आणि एका सामन्याची बंदी. म्हणजे उर्मटपणाचाही स्लॅब आहे. हा स्लॅब लागू होण्याआधीच्या काळात रशीद वॉलेस नावाच्या भल्या उंच माणसाने २०००-०१च्या एकाच मोसमात एक्केचाळीस टेक्निकल मिळवले. कारकिर्दीतल्या एकूण टेक्निकलमध्ये मात्र कार्ल मलोन सर्वांच्या पुढे. सातत्याला पर्याय नसतो. वॉलेसचं एक आवडतं तत्त्वज्ञान होतं: चेंडू खोटं बोलत नाही. चुकीच्या फाउलवर मिळालेला फ्री थ्रो चुकला की तो हे मोठ्याने बोलून दाखवायचा. २०१२ साली न्यूयॉर्ककडून खेळताना तो मैदानावर आला आणि दीड मिनिटाच्या आत बाहेर गेला. टेक्निकल मिळाला, समोरच्याने फ्री थ्रो चुकवला, यांनी आपलं तत्त्वज्ञान मांडलं, दुसरा टेक्निकल. चेंडू खरं बोलतो की नाही माहीत नाही, पंचाला ऐकू येतं हे सिद्ध झालं.

पण कान फार तीक्ष्ण असले की काय होतं तेही लिहून ठेवलेलं आहे. जोई क्रॉफर्ड हे एनबीएतले नामांकित पंच. घराणं पंचांचं, वडील बेसबॉलचे पंच, भाऊही बेसबॉलचा पंच. त्या घरात जेवताना वाढणाऱ्याला कुणी उलट बोललं असेल असं वाटत नाही. १५ एप्रिल २००७ला डॅलसमध्ये त्यांनी सॅन अँटोनियोच्या टिम डंकनला बाहेर काढलं. हा डंकन म्हणजे अख्ख्या लीगमधला सर्वांत शांत माणूस. मैदानावर चेहरा असा, की सामना जिंकला की बँकेत पासबुक भरून आला हे कळू नये. त्या वेळी तो खेळतही नव्हता. बेंचवर बसला होता. आणि हसत होता. एक टेक्निकल, मग थोड्याच वेळात दुसरा, आणि डंकन बाहेर. पंचांनी आपल्याला मारामारीचं आव्हान दिलं असं डंकन म्हणाला, पंचांनी ते नाकारलं. लीगने डंकनला पंचवीस हजार डॉलर दंड केला आणि क्रॉफर्डना उरलेल्या मोसमासाठी घरी बसवलं. दोघांनाही शिक्षा, वर सांगितलेला ब्लार्जच म्हणायचा. क्रॉफर्ड नंतर परतले आणि २०१६पर्यंत उत्तम पंचगिरी करून निवृत्त झाले. माझं म्हणणं इतकंच, की ज्याने हसणंही ऐकलं त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता.

आमच्याकडच्या तरुण पंचांचा टी उडी मारून दिलेला असतो. हवेत दोन्ही हात, शिट्टी तीनदा, आवाज पार्किंगपर्यंत. मग तो पंच खेळाडूच्या दिशेने दोन पावलं पुढे टाकतो आणि तिथेच खेळ बिघडतो. खेळाडू दोन पावलं पुढे येतो, नाकाला नाक, कोच मधे, मफलरवाला मधे, आणि प्रमुख पाहुणे प्रथमच सामन्याकडे लक्ष देतात. जुने पंच उलटं करतात. टी दिला की पाठ फिरवून दुसऱ्या टोकाला चालायला लागायचं, आणि चिडलेल्या मुलाकडे जोडीदाराने जायचं. ज्याने दिला त्याने समजूत घालायची नाही. ज्याने समजूत घालायची त्याने दिलेला नाही. हेही मेकॅनिक्सच, फक्त पुस्तकात फार बारीक टायपात आहे.

त्याही आधीच्या पायऱ्या आहेत. पहिल्यांदा ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा मान हलवली, म्हणजे ऐकलं. तिसऱ्यांदा तळहात समोर धरला, म्हणजे बास. चौथ्यांदा टी. अमेरिकेचे पंच तीन कसोट्याही सांगतात: बोलणं वैयक्तिक झालं का, शिवराळ झालं का, लांबलं का. आपल्याकडे त्या तीन कसोट्या लावल्या तर सामना पहिल्या जंप बॉललाच संपेल. वैयक्तिक तर आपण असतोच. लांबण आपल्याला लागतंच. राहता राहिल्या शिव्या. त्यातल्या पुष्कळशा मुलाने फ्री थ्रो चुकल्यावर स्वतःलाच दिलेल्या असतात. स्वतःच्या आईवरून स्वतःला शिवी देणाऱ्या मुलाला टेक्निकल द्यावा की नाही, या प्रश्नावर आमचे सर म्हणतात, "घरगुती मामला आहे, त्यात आपण पडू नये."

या सरांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी टी दिलेला मी क्वचितच पाहिलाय. त्यांची पद्धत अशी. मुलगा तापलाय, बोलायच्या बेतात आहे, फ्री थ्रोसाठी सगळे रांगेत उभे आहेत. सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात, नजर बास्केटकडे, आणि ओठ न हलवता विचारतात, "परीक्षा कधीपासून रे?"

मुलगा बावचळतो. "सोमवारपासून, सर."

"पेपर पहिला कुठला?"

"अकाउंट्स."

"अभ्यास?"

यावर कुठल्याही मुलाला पुढची चार मिनिटं शिवी देता येत नाही. तो फ्री थ्रो चुकतो, पण ते अकाउंट्समुळे. शाळेच्या सामन्यांत तर सरांना तेही करावं लागत नाही. त्यातले निम्मे खेळाडू उद्या सकाळी त्यांच्याच पी.टी.च्या तासाला रांगेत उभे असणार असतात, आणि हे दोन्ही पक्षांना माहीत असतं.

मुंबईतल्या नागपाड्यासारख्या ठिकाणी हे सगळं वेगळ्या दर्जाचं असतं. तिथे पिढ्यान् पिढ्या हा खेळ खेळला गेलाय, कठड्यावर बसलेल्या आजोबांनाही लीड कुठे असायला हवा ते माहीत असतं, आणि सर दोन पावलं कमी पडले की वरून सूचना येते. अशा प्रेक्षकांसमोर पंचगिरी करणं म्हणजे परीक्षकांच्या घरात बसून पेपर लिहिणं. बाकी महाराष्ट्रात पंच माहीत असण्याची पद्धतच नाही. २०१९च्या ऑक्टोबरात एनबीएचे दोन सामने मुंबईत वरळीला झाले. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, म्हणून आमच्या ओळखीच्या प्रत्येकाने तो संघ आपलाच मानला. पहिला सामना समोरच्या इंडियाना संघाने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. तो आकडा, ते शेवटचे क्षण, रणदिव्यांचा चेहरा, सगळं लोकांना पाठ आहे. त्या रात्री शिट्टी कुणाच्या तोंडात होती ते विचारून बघा. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक पंचाला मिळत नाही, आणि हे कुणी फ्रेम करून देत नाही.

आता त्या जीडीविषयी. नियम असा, की बाद झालेल्या खेळाडूने आपल्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सामना संपेपर्यंत तिथेच थांबायचं, किंवा वाटल्यास इमारतीबाहेर जायचं. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे ड्रेसिंग रूम होती. आणि इमारत होती. आमचं कोर्ट उघड्यावर, एका बाजूला शाळेची भिंत, तीन बाजूंना गुडघ्याएवढी जाळी. परवाच्या स्पर्धेत एका आठ नंबरला दोन टी मिळाले. दुसरा टाळ्यांसाठी, तीन नाही, पाच वाजवल्या त्याने. सरांनी जाळीकडे बोट दाखवलं. मुलगा जाळी ओलांडून पलीकडे उभा राहिला, बेंचपासून हातभर अंतरावर, आणि तिथून कोचिंग सुरू केलं.

"बाहेर जा," सर म्हणाले.

"बाहेरच आहे, सर."

सरांनी जाळी बघितली, मुलगा बघितला, आणि खेळ सुरू केला. कारण मुलगा आता खेळाडू उरला नव्हता, प्रेक्षक झाला होता, आणि प्रेक्षकाला टी देता येत नाही. दोन मिनिटांनी तो जाळीच्या कडेकडेने सरकत माझ्या पाठीशी आला.

"काका, माझे पॉइंट किती झाले?"

"अठरा."

"एकोणीस. एक फ्री थ्रो लिहिला नाही तुम्ही."

मी शीट वळवून दाखवली. त्याने बोट ठेवत ठेवत मोजले. अठराच भरले. पुन्हा मोजले, या खेपेला खालून वर. मग त्याने मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून, भरल्या आवाजात, कोर्टात हाक मारली, "ओ सर! चारही क्वार्टर आपल्याला लुटलं, आता या टेबलवाल्या काकांचं पण जरा बघा!"

सर पाच पावलांवर होते. चेंडू जोडीदाराच्या चौकोनात, यांची नजर बास्केटखालच्या दोन कोपरांवर. त्यांनी काहीच ऐकलं नाही. आठ नंबरने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही तरी सांगा, यांना ऐकू येतं का?"

प्रश्न होता, म्हणून उत्तर दिलं. "चष्म्यासारखंच. खिशात ठेवतात."